फळीला घासत आलेली चकती हातून का सुटते?

आइस हॉकी टीव्हीवर पाहिली असेल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. पक कोपऱ्यातल्या फळीला घासत वळून येते, खेळाडू काठी आडवी लावतो, आणि ती नेमकी प्रतिस्पर्ध्याकडे निसटते. आपण म्हणतो, याचं लक्ष नव्हतं. दरवेळी तसं नसतं हो.

पक म्हणजे रबराची चकती, व्यास 7.62 सेंमी, वजन 156 ते 170 ग्रॅम. उसळी कमी व्हावी म्हणून सामन्याआधी ती गोठवतात. एनएचएलच्या मैदानात कोपऱ्याच्या वळणाची त्रिज्या 28 फूट, म्हणजे साधारण 8.5 मीटर. समजा, चकती सेकंदाला 20 मीटर वेगाने त्यात शिरली. तिला वळवायचं काम फळी करते, आणि हिशेब केला तर चकती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ पाचपट जोराने फळीवर दाबली जाते. कॅरमची सोंगटी कडेला आपटून लगेच सुटते. ही कड सोडतच नाही.

एवढ्या दाबाखाली घर्षण दोन कामं करतं: वेग खातं आणि चकतीला फिरवतं. वळण पुरेसं लांब असेल, तर शेवटी ती फळीवरून चाकासारखी गडगडायला लागते. गणित सोपंय: न फिरता आलेली चकती तोवर एक तृतीयांश वेग गमावते. (बर्फाचं घर्षण मी सोडून दिलंय, ते फारच कमी.) उरतात सेकंदाला 13 मीटर आणि सुमारे 55 गिरक्या! आता तुम्ही काठी आडवी धरलीत. चकतीची पुढची कड त्या क्षणी फळीकडे फिरतेय. काठीचं पातं ते फिरणं अडवतं, आणि चकती उलट दिशेला, मैदानात ढकलली जाते.

म्हणून मुरलेले खेळाडू बरेचदा आधी पाय लावतात. स्केट फळीला तिरकं टेकवायचं, काठी जरा बाहेर तयार ठेवायची. चकती स्केटवर आपटून आपोआप काठीपाशी येते. तिची गिरकी इथे मदतच करते. गुडघे वाकलेले, खालचा हात काठीवर आणखी खाली, कंबर फळीला लागून.

कंबर फळीला लागून, हे नुसतं चकतीसाठी नाही. फळीपासून तीन-चार फुटांवर पाठ करून उभं राहणं सगळ्यात धोक्याचं. मागून धक्का बसला की डोकं थेट फळीवर. मान खाली झुकलेली असेल, तर तिचा नैसर्गिक बाक जातो, मणके सरळ रेषेत येतात आणि सगळा जोर त्यांच्यावर उभा पडतो. टोरंटोचे न्यूरोसर्जन चार्ल्स टेटर यांनी 1980च्या दशकात अशा रुग्णांच्या नोंदी मांडल्या: मज्जारज्जूच्या दुखापतींत मागून बसलेली धडक वारंवार दिसत होती. कॅनडात पुढे याविरुद्धचे नियम कडक झाले.

तेव्हा चकती पोचायच्या आधी खांद्यावरून मागे बघायचं, शक्यतो दोनदा. फळीकडे सरळ नाही, तिरकं जायचं. आणि धडक टळत नाहीच असं दिसलं, तर डोकं वर.