फवारणीच्या दिवसांत वहीत काय लिहायचं?

पराटी कमरेला लागली की आपल्याकडे फवारणी सुरू होते, आणि गटाच्या बैठकीला बाया कमी येतात. ज्या येतात त्यातली एखादी म्हणते, डोकं जड आहे, डोळे चुरचुरतात. बाकीच्या म्हणतात, ऊन लागलं असंल, नाहीतर पित्त असंल. विषय तिथेच संपतो. आज आम्ही त्याच विषयावर बोलणार आहोत.

2017 चा हंगाम आठवा. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन काही आठवड्यांत 20 हून अधिक शेतकरी-मजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. अकोला, अमरावतीकडेही रुग्ण होते. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. नोव्हेंबरमध्ये विभागातल्या पाचही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी आली. त्यात मोनोक्रोटोफॉस होतं, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण होतं, डायफेंथियुरॉनही होतं.

त्या वर्षी झालं काय होतं? पराटी डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळी आवरत नव्हती म्हणून एकावर एक फवारे, दोन-तीन औषधं एकाच टाकीत. हवा दमट, आणि बॅटरीच्या पंपाचा बारीक फवारा उंच झाडांवरून परत तोंडावर. नंतर सगळीकडे सांगितलं गेलं की लोकांनी मास्क, हातमोजे घातले नाहीत. हे खरं आहे, पण अर्धंच. भाद्रपदातल्या उन्हात प्लॅस्टिकचा कोट घालून टाकीचं ओझं पाठीवर घ्या, मग कळेल तो का काढून ठेवतात ते. औषध इतकं जहाल असेल तर सगळा दोष अंगावरच्या कपड्याचा कसा म्हणायचा?

त्या घटनांची गोष्ट पुढे गेली ती कागदामुळे. कोणाला काय झालं, त्याने कोणतं औषध फवारलं होतं, हे सरकारी कागदांवर आलं होतं. ‘पोलो’ या औषधाशी जोडलेल्या 96 नोंदी त्यात निघाल्या. त्या आधारावर 2020 मध्ये यवतमाळच्या दोन विधवा बाया आणि एक वाचलेला शेतकरी सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागायला गेले. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण औषधाचं नावच लिहिलं गेलं नसतं, तर विचारायलाही जागा नव्हती.

कारखान्यात माणूस जखमी झाला किंवा दगावला तर मालकाला कळवावं लागतं, तसा कायदा आहे. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या दालमिलला तो लागू होतो. धुऱ्यावर मात्र कोणी नोंदवही ठेवत नाही. कीटकनाशक कायदा 1968 चा, त्यात विषबाधा कळवण्याचं बंधन घालायचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे; पण दवाखान्यात जो पोचलाच नाही त्याचं काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अंदाज आहे की जगात वर्षाला 29 लाखांच्या वर माणसं कामापायी मरतात, आणि त्यातली बहुतेक अपघाताने नाही, आजाराने. असा आजार हळू येतो, म्हणून तो कामाच्या खात्यावर चढत नाही.

बायांचं तर आणखीच. पंप गड्याच्या पाठीवर असतो, म्हणून फवारणी गड्याचं काम म्हणतात. पाणी आणून बादलीत औषध कोण कालवतं? दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदायला कोण जातं? ओले कपडे कोण धुतं? या कामांनी आजारी पडलेली बाई कोणत्याच आकड्यात नसते.

म्हणून आमचं सांगणं आहे की गटाच्या हिशोबाच्या वहीची मागची दहा पानं यासाठी ठेवा. तारीख, काम कोणतं, किती तास, औषधाचं नाव (डब्यावरून पाहून, ‘ते निळ्या झाकणाचं’ नको), डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग, त्रास काय झाला, कुठे दाखवलं, खर्च किती, किती रोज बुडाले. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. थोडक्यात निभावलेलंही लिहा: चक्कर येऊन बसली, मळणीयंत्रात पदर अडकता अडकता राहिला, विळा लागला. मालक पुढे कामाला बोलावणार नाही ही भीती असते, म्हणून नावाऐवजी नंबर टाकला तरी चालतं. दोन महिन्यांनी पान वाचलं की एकाच औषधाचं नाव परत परत दिसतं का ते कळतं. ते घेऊन कृषी सहायकाकडे जाता येतं, ग्रामसभेत मांडता येतं.

आता दवाखान्याचं, हे नीट ऐका. लाळ सुटणं, खूप घाम, उलटी, अंधुक दिसणं, डोळ्याची बाहुली बारीक होणं, छाती भरून येणं, यातलं काही दिसलं तर काम थांबवा. माणसाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या, कपडे काढा, साबणाने अंग धुवा. धुणाऱ्यानेही हातमोजे घालावेत, नसतील तर हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. उलटी काढू नका, दूध-लिंबू पाजू नका. 108 ला फोन करा आणि डबा सोबत घ्या; डॉक्टरांना उपचार ठरवायला त्यावरचं नाव लागतं.

केसपेपरवर नुसतं ‘विषबाधा’ लिहिलं जाऊ देऊ नका. आपल्या भागात त्या शब्दाचा अर्थ लोक आत्महत्या असाच घेतात. ‘फवारणी करताना विषबाधा’ असं लिहायला सांगा, पोलिसांच्या जबाबातही तेच यायला हवं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत औषध हाताळताना झालेल्या विषबाधेच्या मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात, आत्महत्येला नाही. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. ही योजना सातबारावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकालाच आहे. रोजाने जाणारी भूमिहीन बाई त्यात बसत नाही. ही त्रुटी आम्हाला फार मोठी वाटते, आणि ती दाखवायलाही वहीच लागेल.

रोजच्या कामात एवढं तरी पाळा: औषध कालवायची बादली वेगळी, कालवायला काठी, हात नाही. नोझल तोंडाने फुंकायची नाही. मध्येच खर्रा नाही. फवारलेल्या वावरात किमान एक दिवस निंदायला जायचं नाही; मालकाशी हे रोज ठरवतानाच बोलून घ्या. फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यात भिजवू नका, आणि रिकाम्या डब्यात तेल-मीठ ठेवू नका. येत्या बैठकीला वही आणि एक रिकामा डबा दोन्ही आणा, त्रिकोण कसा पाहायचा ते बसून पाहू.