गोदातीरीचा विसावा

ज्या नगरात यंत्रांची घरघर चालते, तेथील माणसांना मोकळ्या हवेची गरज अधिक असते. जळकोटच्या उत्तरेस गोदावरीच्या तीरावर वसलेले नांदेड हे असेच नगर होय. निजामाच्या राजवटीत तेथे उस्मानशाही कापडगिरणी उभी राहिली. ती आता बंद पडली आहे. परंतु नगर वाढतच गेले.

सायंकाळी श्रमलेले नागरिक नगीना घाट, बंदा घाट व गोवर्धन घाट येथे फिरावयास येतात. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी याच नगरात देह ठेवला. त्या घटनेच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, 2008 च्या सुमारास, नदीकाठाची सुधारणा करण्यात आली.

उन्हाळ्यात नदीकाठी गारवा का वाटतो? जमिनीपेक्षा पाणी सावकाश तापते. शिवाय वृक्षांच्या पानांतील पाण्याची वाफ होताना भोवतालच्या हवेतील उष्णता शोषली जाते. म्हणून जेथे पाणी व झाडे, तेथे विसावा!

परंतु याच पात्रात नगराचे सांडपाणीही मिसळते. पाण्याला दुर्गंधी सुटली, तर घाटावर कोण बसेल? मुलांनो, सांडपाणी शुद्ध करून सोडणे हे महानगरपालिकेचे काम आहे. पण निर्माल्य व कचरा पात्रात न टाकणे, काठावरील रोप न मोडणे, हे व्रत तर तुम्हांलाही पाळता येईल.