हे पाणी पिऊ नका!

रोमच्या ऑगस्टस बादशहाने इ.स.पू. २ च्या सुमारास शहरात नवा कालवा आणला, आक्वा अल्सिएतिना. पाणी मात्र पिण्याच्या लायकीचं नव्हतं! एवढ्या शहाण्या माणसाला हे काय सुचलं, असा प्रश्न पुढे रोमचा पाणीप्रमुख फ्रॉन्टिनसलाही पडला. उत्तरही त्यानेच काढलं: लुटुपुटीच्या आरमारी लढायांसाठी खोदलेला तलाव भरायला चांगलं पाणी कशाला घालवा? उरलेलं बागांना. हौस राजाची, पण नियोजन चोख.

चांगलं पाणी वाचवायची हीच युक्ती पुढेही चालली. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या वस्तीत १९२६ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी संडासात आणि हिरवळीवर जातंय. हाँगकाँगमध्ये तर बहुतेक घरांत फ्लशला चक्क समुद्राचं पाणी, वेगळ्या पाइपातून.

ॲरिझोनाचं पालो व्हर्डे अणुवीज केंद्र भर वाळवंटात. शेजारी ना समुद्र, ना मोठी नदी. त्याला गार ठेवतं फिनिक्स परिसराचं सांडपाणी.

खरी गंमत कॅलिफोर्नियातल्या एल सेगुंडोला. तिथल्या केंद्रात गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे पाच प्रतींचं पाणी बनतं. बागेला गाळून, निर्जंतुक केलेलं चालतं. रिफायनरीच्या कूलिंग टॉवरला अमोनिया काढून द्यावं लागतं, नाहीतर तो तांब्या-पितळेच्या नळ्या खातो. उच्च दाबाच्या बॉयलरचे नखरे तर विचारू नका: पाणी आरओतून दोनदा काढायचं, कारण जरा क्षार राहिले की नळ्यांत खपली धरलीच. म्हणजे पिण्यासाठी नसलेलं हे पाणी आपल्या नळाच्या पाण्याहून स्वच्छ! पिकांचं उलटं. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद त्यांना खतासारखं लागू पडतं.

चुकून कोणी पिण्याच्या लाइनला जोडू नये म्हणून अमेरिकेत या पुन्हा वापरायच्या पाण्याचे पाइप जांभळे असतात. आपल्याकडेही एखादा रंग ठरवून टाकायला काय हरकत आहे?

नियोजनातली मेख वेगळीच. सांडपाणी बारा महिने येतं, पण पावसाळ्यात शेताला ते नको असतं. मग साठवायचं कुठे? म्हणून रोज ठरलेलं पाणी उचलणारा कारखाना सापडला की अभियंते खूश. चेंबूरचा आरसीएफ खत कारखाना मुंबईचं सांडपाणी शुद्ध करून वापरतो. नागपुरात भांडेवाडीला दिवसाला १३ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला, तो कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रासाठी. सकाळी नागपूरकरांनी मोरीत सोडलेलं पाणी तिथे कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन निघतं, आणि पेंच धरणाचं तेवढं पाणी शिल्लक राहतं.