दुपारची लोकल कुठे जाते?

पुणे–लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. आकडा ५,१०० कोटींचा. एवढ्या पैशांची बातमी, पण पुण्यात तिची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. पुणेकराचं मन सध्या मेट्रोवर जडलंय: स्वारगेटच्या पुढे कधी, निगडीपर्यंत कधी, हिंजवडीची कधी. १९७८ पासून धावणारी लोकल मात्र घरातल्या थोरल्या सुनेसारखी झाली आहे. सगळं तिच्यावर चालतं आणि कौतुक धाकटीचं.

मावळात राहणाऱ्याला लोकलबद्दल विचारा, तो पहिल्यांदा गर्दीचं बोलणार नाही. दुपारचं बोलेल. सकाळची धांदल ओसरली की गाड्या विरळ होतात, आणि मध्ये काही तासांची पोकळी पडते. सकाळचं कॉलेज सुटलेली कामशेतची मुलगी, पहिली पाळी संपवून तळेगावला निघालेला कामगार, वडगावच्या तहसील कचेरीत काम उरकलेला शेतकरी, सगळे या पोकळीत अडकतात. प्रवासी संघटना वर्षानुवर्षे निवेदनं देत आल्या. दुपारची एखाददुसरी फेरी पदरात पडली, तिचंही स्वागत झालं.

रेल्वे याला ‘ब्लॉक’ म्हणते. रूळ, सिग्नल, ओव्हरहेड वायर यांच्या देखभालीसाठी मार्ग काही वेळ मोकळा लागतो. कारण खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं समजायचं तर रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातला चार्ट डोळ्यांसमोर आणावा लागेल.

या चार्टवर उभ्या बाजूला स्थानकं असतात: पुणे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी करत थेट लोणावळ्यापर्यंत सतरा. आडव्या बाजूला वेळ. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी वेगवान असेल तर रेघ उभट, रेंगाळणारी असेल तर पसरट. नियम एकच: एका रुळावरून एका दिशेला जाणाऱ्या दोन रेघांनी एकमेकींना छेदायचं नाही. छेद घ्यायचाच तर जिथे बाजूला लूप लाइन आहे अशा स्थानकात, आणि त्यासाठी एकीला थांबावं लागतं. कुणी थांबायचं, हे सांगायला नको.

आता हिशेब करू. चौसष्ट किलोमीटरला लोकल सव्वा तासाहून थोडा जास्त वेळ घेते, एक्स्प्रेस तासाच्या आत पोचते. सातला लोकल सोडली आणि सव्वासातला एक्स्प्रेस, तर लोणावळा यायच्या आत ती लोकलच्या पाठीला लागणार. म्हणजे एक्स्प्रेस उशिरा तरी सोडा, नाहीतर लोकल वाटेत बाजूला घ्या. प्रत्येक वेगवान गाडी आपल्याभोवतीची वीस-पंचवीस मिनिटं अशी गिळते. गाडी जितकी वेगवान तितका घास मोठा. मुंबई–सोलापूर वंदे भारतचं कौतुक करताना हे कुणी सांगत नाही. त्यात डेक्कन क्वीन, सिंहगड, इंद्रायणी, प्रगती, दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या. हे सगळं येण्याच्या एका आणि जाण्याच्या एका रुळावर. मग ब्लॉकसाठी मोकळी जागा उरते कुठे? जिथे तक्रार करणारा सर्वांत कमजोर असतो तिथे. म्हणजे दुपारी.

मुंबईत कल्याणपर्यंत धिम्या आणि जलद गाड्यांना निदान वेगळे मार्ग आहेत. शिवाय १९९९ पासून तिथल्या उपनगरी रेल्वेचे प्रकल्प पाहायला मुंबई रेल्वे विकास महामंडळ आहे. पुण्याच्या लोकलला वालीच नाही. मेट्रोला महामेट्रो आहे, हिंजवडी मार्गाला पीएमआरडीए, बसला पीएमपीएमएल. लोकल मध्य रेल्वेच्या पुणे विभागाकडे, आणि मेल-एक्स्प्रेस वेळेवर काढणाऱ्या विभागाला ती अडचणच वाटत असणार. त्यात त्या माणसांचा दोष नाही, त्यांच्याकडे मागितला जाणारा हिशेबच तसा आहे. तिसऱ्या मार्गाचं घोंगडंही याचमुळे भिजत राहिलं: राज्याचा वाटा किती, महापालिकांचा किती, यावर फायली फिरल्या.

गंमत अशी की पिंपरीपासून शिवाजीनगरपर्यंत मेट्रो बऱ्याच अंशी या लोहमार्गाच्या सोबतीनेच जाते. कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर ही नावं दोन्हीकडे. पिंपरीहून स्वारगेटला मेट्रोचं तिकीट तीस रुपये, पुण्याहून लोणावळ्याला लोकलचं पंधरा. तुलना अन्यायाची आहे, कबूल. मेट्रो काही मिनिटांनी येते आणि डबा गार असतो. पण लोकांनी जास्तीचे पैसे मोजले ते गारव्यासाठी कमी आणि ‘पुढची गाडी येणारच’ या भरवशासाठी जास्त, असं मला वाटतं. तोच भरवसा चार रुळांवर लोकलही देऊ शकते, तेही थेट कामशेत-मळवलीपर्यंत. तिथे मेट्रो या जन्मात जाणार नाही.

नवे रूळ मालगाड्यांनीच भरले तर, ही शंका रास्त आहे. पण इथे बोरघाट लोकलच्या मदतीला येतो. कर्जत ते लोणावळा चढ सदतिसास एक, कर्जतहून वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात आणि मार्ग तीनच. घाटातून जेवढ्या गाड्या निघतात तेवढ्याच पुण्याकडून मुंबईला सोडता येणार. तेव्हा पुणे–लोणावळा टप्प्यात चार रूळ झाले तर जास्तीच्या जागेवर सर्वांत मोठा हक्क लोकलचाच राहतो. आणि देखभालीसाठी दोन रूळ बंद ठेवून दोन चालू ठेवता येतात, म्हणजे दुपारच्या पोकळीची सबबही संपते. नव्या जागेवर पहिला हक्क लोकलचा, ही अट निविदा निघण्याआधी कागदावर यावी, असा आग्रह मावळच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या लोकप्रतिनिधींनी धरायला हवा. भूमिपूजनानंतर धरलेले आग्रह बहुधा सत्कारात विरघळतात.

दौंडची बाजू तर आणखी उपेक्षित. मांजरी, लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस हा सगळा पट्टा पुण्याच्या कामावर जगतो. २०१७ मध्ये मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि त्याच वर्षी त्या तारांखालून डिझेलची डेमू धावू लागली. या मार्गाला उपनगरी दर्जा द्या, म्हणजे लोकलच्या दराचा पास मिळेल, ही दौंडकरांची मागणी जुनीच आहे. ५,१०० कोटींच्या मंजुरीत मात्र पुण्याच्या पूर्वेकडचा एकही किलोमीटर नाही.