चाक आणायचं कुठून?

घरी खेळण्यातली गाडी करायला बसलं की पहिला अर्धा तास फार मजेत जातो. खोकं सापडतं, सुतळी सापडते, दांडीला वेळूची काटकी सापडते. मग चाकांपाशी गाडी अडते. खोकं वाकडं असलं तरी पोराच्या लेखी ती एसटीच असते. चाक मात्र गोलच लागतं. तेही एक मिळून भागत नाही. एका मापाची चार हवीत आणि प्रत्येकाचं भोक नेमकं मध्यावर हवं. ते बोटभर सरकलं की गाडी लंगडते.

बीड जिल्ह्यातल्या गावांमध्ये या अडचणीवर पूर्वी एकच पत्ता होता, सुताराच्या दारातला लिंब. त्याखाली वखर, तिफण, मोडकी चाकं पडलेली असत आणि भोवती ढलप्यांचा खच. पोरगं घुटमळत म्हणे, “काका, चार चाकं द्या की.” काका तासणं न थांबवता विचारत, “चाकं काय झाडाला लागतेत का रं?”

पोरांना वाटे, लागतेतच की. बाभळीची मनगटाएवढी फांदी घ्यायची आणि काकडीसारख्या चकत्या कापायच्या, झाली चाकं. पहिल्या दिवशी ती झकास दिसतात. मराठवाड्याच्या उन्हात चार दिवस राहिली की काठापासून मध्यापर्यंत चीर जाते, भाकरीचा त्रिकोणी घास काढल्यासारखी. दोष पोराचा नसतो. ओलं लाकूड वाळताना वर्षवलयांच्या बाजूने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसतं. परीघ आखडतो, त्रिज्या तेवढी आखडत नाही. मग चकती कुठेतरी फाटणारच. सावलीत, सावकाश वाळवलं आणि मधला गाभा मोठ्या भोकाने काढून टाकला तर काही चकत्या वाचतात. सगळ्या नाही.

म्हणून सुतार फांदीकडे बघतच नसे. तो वाळलेल्या फळीचा तुकडा घेई. मध्ये खिळा, खिळ्याला दोरा, दोऱ्याला कोळसा, असं वर्तुळ आखायचं. आधी चौकोन, मग कोपरे उडवून अष्टकोन, पुन्हा कोपरे उडवायचे, शेवटी कानस. भोक मात्र तो आधीच, चौकोन असतानाच पाडून घेई. आधी गोल कापून मागाहून मध्य शोधणं हा नवशिक्याचा उद्योग. भोकाला सामता लागे, पण घरी सामता कुणाकडे असणार? घरी चुलीत लाल केलेली सळई आरपार घालत. धूर होई, आई ओरडे, पण जळून निघालेलं भोक आतून गुळगुळीत होई आणि आसावर चाक छान फिरे. करकर वाजलंच तर तेल नको. तेलाने धूळ चिकटते. मेणबत्तीचा तुकडा घासला की काम होतं.

फळीच्या चाकातही एक खोड असतेच. लाकडाचे धागे एकाच दिशेने धावतात, त्यामुळे गोलाच्या दोन बाजूंना ते तोकडे पडतात आणि दगडावर आपटताच तिथलाच टवका उडतो. उपाय जुना आहे: दोन पातळ चकत्या, धागे आडवे-उभे ठेवून एकमेकींवर चिकटवायच्या. प्लायवूड म्हणजे दुसरं काय?

खऱ्या बैलगाडीच्या चाकाने हाच पेच फार देखण्या रीतीने सोडवलेला आहे. मधला तुंबा, त्यात ठोकलेले बहुधा बारा आरे आणि कडेला सहा पुठ्ठे, म्हणजे एका पुठ्ठ्याला दोन आरे. प्रत्येक आऱ्याचा धागा भाराच्या रेषेतच असतो. वरून लोखंडी धाव, चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान केलेली. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली, फुगली, की सांडशीने चाकावर बसवायची आणि लगेच पाणी. चर्र आवाज होई, वाफ उसळे, धाव आकसून सगळे सांधे करकचून आवळी. ना खिळा, ना सरस. धाव चढवायच्या दिवशी शाळेत कोण जातंय! त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली खेड्याच्या व्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथाला ‘गाव-गाडा’ हे नाव दिलं, ते उगीच नव्हे. आणि असं चाक घडताना खाली पडलेल्या तुकड्यांतूनच पोराची चाकं निघत. खेळण्याचं चाक मोठ्या चाकाच्या उष्ट्यावर वाढलेलं आहे.

हे नातं किती जुनं, ते पाहायला बीडच्या शेजारच्या जिल्ह्यात जावं लागतं. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचं मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ ४५ सेंटिमीटर लांब. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाले. उत्तर हडप्पा काळ हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. एवढ्या वजनदार वस्तू पोरांच्या खेळण्यातल्या खचितच नसाव्यात, मिरवणुकीतल्या असतील. पण गेंड्याच्या आणि रेड्याच्या खाली भरीव चाकं आहेत, आरे नसलेली, थेट फळीतून कापल्यासारखी. हत्तीची चाकं तेवढी गायब आहेत, आस बसवायची जागा शिल्लक आहे. कुठल्याही घरातलं खेळणं काढून पाहा, आधी चाकंच हरवतात.

जनावराच्या पायाखाली चाकं, ही कल्पना अजून जिवंत आहे ती विदर्भात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तिकडची पोरं चाकांवरचे लाकडी नंदी ओढत मिरवतात. आमच्या मराठवाड्यात पोळ्याचा बैल मातीचा. तो पाटावर बसतो, पुरणपोळी खातो, कुठे जात नाही. मला यात विदर्भाचा हेवा वाटत आलेला आहे.

आमच्याकडे लाकडी चाकाचा मान होता तो पांगुळगाड्याला. तीन चाकं, एक आडवा दांडा. पोरगं दांडा धरून उभं राहतं आणि ढकलत चालायला शिकतं. त्याचं तंत्र सगळं सारवलेल्या जमिनीत होतं. शेणाने सारवलेली भुई चाकाला हलकेच धरून ठेवी, गाडा बाळाच्या पावलाइतकाच पुढे जाई. घरात फरशी आली आणि तोच गाडा बाळाला मागे टाकून पळू लागला. त्यावरचा तोडगा म्हणजे चाकाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी.

पुढे रबराने मोठं चाकही गिळलं. डनलॉपच्या टायरगाड्या आल्या, धाव चढवणं थांबलं, लिंबाखालच्या ढलप्या कमी झाल्या. पोरांनी मिळेल त्यात चाक शोधलं: शिंप्याकडचं दोऱ्याचं लाकडी रीळ, गॅरेजमधली बाद बेअरिंग, ज्वारीच्या ताटातलं भेंड. भेंडाची बैलगाडी रानात बसल्याबसल्या होते, चाकाची चकती, ताटाच्याच सालीचा आस. संध्याकाळपर्यंत टिकली तरी पुष्कळ. आता लाकडी चाक हवं असेल तर एक युक्ती सांगतो. दाराला गोल कुलूप बसवणाऱ्या मिस्त्रीकडे जा. त्याची होल-सॉ ५४ मिलिमीटरचं भोक पाडते आणि आतून निघणारी चकती तो फेकून देतो. पक्कं गोल, मध्यावर भोक तयार. चार दारांची एक गाडी.

पण दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातली अनेक घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. तिथल्या कोपीला, म्हणजे खोपटाला, दार कुठलं? तिथे बाप चालवतो ती टायरगाडी कारखान्याची, आणि पोराच्या गाडीला चाकं येतात झिजलेल्या रबरी चपलेतून. कोयत्याने चवड्याचं एक, टाचेचं एक, अशी एका चपलेत दोन चाकं निघतात. दोन चाकांची गाडी त्याच दिवशी तयार होते. चार चाकांचा ट्रक करायचा तर थांबावं लागतं. दुसरी चप्पल अजून आईच्या पायात असते.