साचा, क्षणप्रत आणि प्रत : आभासी संगणकांचे प्रतिकरण व पाठचिकित्सा

चेन्नईच्या एग्मोर भागात पॅन्थियन रोडवर शासकीय संग्रहालय आणि कन्नेमरा सार्वजनिक ग्रंथालय एकाच आवारात आहेत. 'प्रत' या संकल्पनेची दोन टोके तेथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. संग्रहालयातील चोळकालीन कांस्यमूर्ती मधूच्छिष्ट पद्धतीने घडलेल्या आहेत. या पद्धतीत मेणाची आकृती वितळून जाते, ओतकामानंतर मातीचा साचा फोडावा लागतो, आणि म्हणून त्या साच्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. १८९६ साली खुल्या झालेल्या ग्रंथालयाची गोष्ट उलट आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदानविषयक कायद्यान्वये भारतात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत कोलकाता, मुंबई व दिल्ली यांच्याप्रमाणे येथेही पाठवावयाची असते. पुण्यात छापलेले मराठी पुस्तकही त्याला अपवाद नाही. या चारांपैकी एक प्रत नष्ट झाली तरी उरलेल्या तिन्हींना बाध येत नाही.

संगणकीय प्रत या दोहोंहून निराळी आहे. तिचा विचार मराठीच्या अभ्यासकाला का करावयास हवा, हे प्रथम पाहू. १९९० नंतरची दोन दशके मराठी मजकूर बहुधा युनिकोडपूर्व फाँटांत अक्षरजुळणी होऊन छापला जात असे. या फाँटांत रोमन अक्षरांच्या स्थानी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. मूळ फाँट नसेल तर लेखकाची हस्तलिखितोत्तर फाइल निरर्थक रोमन चिन्हांची रांग म्हणून उघडते. रूपांतरक वापरून ती युनिकोडमध्ये आणता येते. परंतु त्यात काही जोडाक्षरे बिघडतात, पानांची व ओळींची मोड बदलते. पाठाचे मूळ रूप पाहावयाचे तर त्या काळची कार्यप्रणाली, पृष्ठरचनेचा प्रोग्रॅम आणि फाँट हे सारे एकत्र चालते ठेवावे लागते. आभासी यंत्र हे त्याचे साधन होय.

आभासी यंत्र म्हणजे एका प्रत्यक्ष संगणकाच्या पोटात प्रोग्रॅमच्या साहाय्याने चालणारा दुसरा संगणक. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ साली मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. व्हीएमवेअरने १९९९ साली ती टेबलावरच्या संगणकावर आणली. अशा यंत्राची संपूर्ण तबकडी ही यजमान संगणकाच्या दृष्टीने केवळ एक फाइल असते. एका विशिष्ट क्षणी त्या तबकडीची स्थिती गोठविली की क्षणप्रत, म्हणजे स्नॅपशॉट, तयार होते. नीट सिद्ध केलेली आणि यापुढे बदलावयाची नाही असे ठरविलेली क्षणप्रत हाच साचा.

साच्यातून प्रती दोन प्रकारे निघतात. पूर्ण प्रतीत सगळी तबकडी उतरवून घेतली जाते. तिला वेळ आणि जागा अधिक लागते, पण ती स्वतंत्र असते. संलग्न प्रतीत काहीच उतरविले जात नाही. ती साच्यातूनच वाचते आणि जो भाग बदलेल तेवढाच आपल्या छोट्या भेद-फाइलीत लिहिते. दहा अभ्यासकांना दहा यंत्रे क्षणात देता येतात ती याच युक्तीने. मात्र साचा पुसला किंवा त्यात मागाहून फेरफार केला, तर त्यावर उभ्या असलेल्या सर्व संलग्न प्रती निकामी होतात. म्हणून क्षणप्रत म्हणजे सुरक्षित साठवण नव्हे.

पाठचिकित्सेशी असलेले साम्य येथे स्पष्ट होते. समान अपपाठ हे समान उगमाचे गमक, हे तत्त्व आपल्या परिचयाचे आहे. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली आकारास आलेल्या आणि १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हस्तलिखितांची कुळे लावताना त्याचा उपयोग झाला. साच्यातील दोषही असाच प्रत्येक प्रतीत उतरतो. संगणकाचे नाव, यंत्र-ओळखीचा क्रमांक, दूरस्थ प्रवेशाच्या गुप्त किल्ल्या हे सारे साच्यात राहिले तर सर्व प्रती एकाच ओळखीने जाळ्यावर वावरू लागतात. म्हणून साचा गोठविण्यापूर्वी ही ओळख पुसावी लागते. विंडोजमध्ये सिसप्रेप हे काम करते. यंत्र बंद करूनच क्षणप्रत घेणे श्रेयस्कर, अन्यथा अर्धवट लिहिलेल्या फाइलीही साच्यात जातात.

साम्याइतकाच भेदही उद्बोधक आहे. लेखनिक दोन पोथ्या समोर ठेवून पाठांची सरमिसळ करू शकतो. त्यामुळे वंशवृक्ष संदिग्ध होतो. संलग्न प्रतीला जनक एकच असतो, म्हणून तिची वंशावळ निःसंदिग्ध असते. उलट पोथीची प्रत मूळ पोथी जळाली तरी वाचता येते; संलग्न प्रतीला ते भाग्य नाही. तिची वंशावळ निश्चित, पण आयुष्य पराधीन.

यावरून ग्रंथालयांना व अध्यासनांना एक व्यवहार्य नियम सुचविता येतो. दैनंदिन वाचनासाठी संलग्न प्रती द्याव्यात. जतनासाठी साच्याच्या पूर्ण प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. फाँटांचे परवाने तपासावेत. आणि ज्या जुन्या कार्यप्रणालींची सुरक्षा-दुरुस्ती थांबली आहे, उदाहरणार्थ २०१४ नंतरची विंडोज एक्सपी, त्या यंत्रांना इंटरनेटपासून दूर ठेवावे. लेखकाच्या फाइली संग्रहात घेताना त्या वाचणारे यंत्रही संग्रहात घेतले नाही, तर त्या पिढीच्या मराठी लेखनाची छापील आवृत्ती तेवढी उरेल. तिच्यामागचे पाठ आणि खाडाखोड तुलनेसाठी उपलब्ध राहणार नाहीत.