हेडफोन ध्वनिवर्धकातील जुन्या निर्वात नलिका : संग्रह आणि तुलना

दूरचित्रवाणी संचातील ट्यूनरसाठी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित झालेली ईसीसी८८ (अमेरिकी नाव ६डीजे८) ही दुहेरी ट्रायोड नलिका आज हेडफोन ध्वनिवर्धकांसाठी संग्राहक शोधत असतात. नलिकेवरील छापील नावावर विसंबणे मात्र धोक्याचे ठरते. त्या काळी कंपन्या परस्परांचा माल आपल्या नावाने विकत असत. शिवाय छपाई सहज पुसली जाते व नव्याने करताही येते. फिलिप्स समूहाच्या नलिकांवर काचेच्या खालच्या भागात कोरलेले संकेत अधिक विश्वसनीय होत. त्यांतील त्रिकोण हे चिन्ह नेदरलँड्समधील हेर्लेन येथील कारखान्याचे द्योतक आहे.

अदलाबदल करताना तापकाचा विद्युतप्रवाह प्रथम पाहावा. ६.३ व्होल्टवर ईसीसी८८ ला ३६५, तिच्या विशेष दर्जाच्या ई८८सीसी या आवृत्तीला ३००, तर अनेकदा पर्याय म्हणून सुचविल्या जाणाऱ्या सोव्हिएत ६एन१पी नलिकेला ६०० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. केवळ पिनांची रचना जुळते म्हणून ती बसविल्यास ट्रान्सफॉर्मर तापून निकामी होऊ शकतो.

ध्वनीच्या दर्जाची तुलना हा खरा वादाचा विषय होय. किंचित मोठा आवाज कानाला सरस भासतो. म्हणून दोन्ही नलिकांची ध्वनिपातळी मापकाने समान केल्याखेरीज दिलेला कौल ग्राह्य धरता येत नाही. त्यातच नलिका बदलून ती तापेपर्यंत जाणाऱ्या वेळात आधीच्या ध्वनीची स्मृतीही पुसट होते.